अण्णांच्या हौदातलं शेवाळ

कुयिलीच्या दुकानातून मासा विकत घेणं सोपं नव्हतं. कोळत्तूरच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना माशांचीच दुकानं. पाण्यानं आणि हवेनं फुगवलेल्या पिशव्या दारात टांगलेल्या असत. बोट दाखवायचं, पिशवी घ्यायची, निघायचं. कुयिलीकडे मात्र आधी जबानी द्यावी लागे. टाकी केवढी आहे? पाणी बोअरचं की टँकरच्या लॉरीचं? ऊन कुठून येतं? आत झाडं कुठली आहेत?

"दोन गोल्डफिश द्या," म्हणून आलेल्या माणसाला ती म्हणायची, "आधी फोटो दाखवा टाकीचा."

फोटोत लाल पानांची नाजूक रोपं दिसली की झालं. "ही रोपं कितीला घेतलीत? त्यापेक्षा कोथिंबिरीची जुडी सोडा आत, स्वस्तात पडेल. गोल्डफिश काय, जेवायलाच बसेल."

"मग काय करू?"

"एक तर मासा बदला, नाहीतर झाड. जावा फर्न न्या. कडू पान असतं, तोंड लावून सोडून देतो तो."

गिऱ्हाईक कधी हसायचं, कधी चिडून समोरच्या दुकानात जायचं. चिडलेलं महिन्याभरानं परत यायचं, रिकामी टाकी घेऊन. तिचा नवरा वेलायुधम गल्ल्यावर बसून कपाळाला हात लावी. "तू सोयरीक जुळवतेस की मासे विकतेस?"

"सोयरीकच," ती म्हणायची.

तो शब्द मूळचा एळुमलै अण्णांचा. अठरा वर्षांपूर्वी तिंडिवनमजवळच्या खेड्यातून लग्न होऊन कुयिली इथं आली, तेव्हा देवळाच्या तळ्यातले मासे सोडले तर तिला मासा ठाऊक होता तो कालवणातला. सासऱ्यांच्या दुकानात मासे खरे आणि झाडं प्लास्टिकची होती. खरी झाडं आणायचे ते एळुमलै अण्णा. पुळल तलावाच्या अंगाला त्यांच्या वाडीत सिमेंटचे बारा हौद होते. सायकलच्या मागं ओलं गोणपाट गुंडाळून ते गल्लीभर फिरत. नव्या सुनेनं दारात उभं राहून विचारलं, "हे झाड याच माशाला का दिलंत?" असा प्रश्न त्या गल्लीत त्यांना कुणी कधी विचारला नव्हता. सायकल भिंतीला टेकवून ते पायरीवर बसलेच.

"सोयरीक असते पोरी. एंजल हा उंच, चपटा मासा. त्याला उभी लांब पानं दे, मग तो पडद्यांतून फिरल्यासारखा फिरतो. तळ उकरणाऱ्याला मातीतलं झाड दिलंस तर रोज उपटून वर आणेल, त्याला दगडाला बांधलेलं द्यायचं. लाजऱ्याला वर तरंगणारं, म्हणजे खाली सावली पडते. आणि जो स्वतःचीच पिल्लं खातो, त्याला शेवाळ. भरपूर शेवाळ. पिल्लांना आई-बापापासून लपायला जागा नको?"

त्यानंतर कित्येक वर्षं दर आठवड्याला ती त्यांच्याकडून काही ना काही शिकली. कितीतरी रविवार तिनं त्यांच्या वाडीत गुडघाभर पाण्यात उभं राहून काढले. सासरे गेल्यावर दुकान तिच्या अंगावर पडलं, पुराचं पाणी गल्लीत शिरून सगळ्या टाक्या फुटल्या, तेव्हा अण्णाच रोपांची पहिली पाटी घेऊन आले. तिला भाऊ नव्हता. पोंगलच्या सणाला ते दोघं दुकानात येत, तेव्हा ती त्यांना धोतर द्यायची, आणि त्यांच्या बायकोला, सरसू अण्णीला, साडी. गेली तीनेक वर्षं अण्णांचे गुडघे दुखायचे आणि कुयिलीला दुकान सोडून वाडीवर जाता येत नसे, म्हणून दर मंगळवारी वेलायुधम मोपेडवर पुळलला जाई आणि ओल्या गोणपाटातली रोपं घेऊन येई. मुळांना काळाभोर गाळ लागलेला असे. कुयिली तो हुंगायची. गल्लीत आता बहुतेकांकडे बाहेरदेशची, खोक्यांतून आलेली रोपं मिळत. दिसायला चकाचक. तिनं ती कधी दुकानात घेतली नाहीत. "आमच्याकडे फक्त अण्णांच्या हौदातलं," असं ती सांगायची, आणि गिऱ्हाइकं त्यासाठीच तिच्याकडे येत.

अमुदा त्यातलीच एक. सत्तावीस वर्षांची, ब्लाउज शिवून पोट भरणारी. गल्लीमागच्या रस्त्यावर तिसऱ्या मजल्याच्या गच्चीत झापांच्या सावलीत तिच्या आठ टाक्या होत्या आणि आठींत एकाच जातीचे गप्पी. निळे. गप्पी निळे बरेच असतात, पण हा निळा शेपटीच्या टोकापासून डोळ्यापर्यंत अखंड, कुठं ठिपका नाही की पिवळी झाक नाही. चार वर्षं तिनं निवडून निवडून ही जात उतरवली होती. ठिपका दिसला की तो मासा वेगळा काढायचा, पुढच्या पिढीची वाट पाहायची. लग्नाची दोन स्थळं तिनं "आठ टाक्या बरोबर येतील" असं सांगून परतवली होती. ही गोष्ट तिची आई रडत सांगायची आणि अमुदा हसत.

चैत्रातल्या एका बुधवारी सकाळी ती दुकानात आली. "अक्का, पाच माद्या व्यायला झाल्यात. शेवाळ हवंय, सातही टाक्यांपुरतं. आठवीत नुसते म्हातारे नर आहेत, त्यांना नको."

कालच आलेलं शेवाळ कुयिलीनं परातीत ओतलं. हिरवंगार, घट्ट.

अमुदानं ते हातात घेऊन पाहिलं. "हे अण्णांच्याच हौदातलं ना? खोक्यातल्या रोपांवर म्हणे गोगलगाय मारायचं औषध असतं. त्यानं कोळंबी मरते, पिल्लं मरतात. माझ्या टाक्यांत दोन्ही आहेत."

"अगं, मला विचारतेस? अठरा वर्षं झाली."

"तसं नाही अक्का. एकदा तुमच्या तोंडून ऐकलं की निर्धास्त वाटतं."

"मग ऐक. अण्णांच्या हौदातलं आहे. माझ्या शब्दावर जा."

अमुदा शेवाळ घेऊन गेली.

गुरुवारी दुपारी जेवणाआधी फोन आला. अमुदा नीट बोलत नव्हती. "या. आत्ता या," एवढंच.

कुयिली गच्चीत पोचली तेव्हा अमुदा पहिल्या टाकीसमोर उकिडवी बसली होती. टाक्यांच्या तळाशी नखाएवढ्या लाल कोळंब्या पाठीवर पडलेल्या होत्या, एखाददुसरीचे पाय अजून हलत होते. रात्रीतून तीन माद्या व्यायल्या होत्या. पिल्लं शेवाळातच होती, लपलेली, जिथं त्यांनी असावं तिथंच. पण पांढरी पडलेली. मोठे मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून गरागरा फिरत होते, मधेच एका कुशीवर कलंडत होते. सात टाक्यांत हीच तऱ्हा. आठवीतले म्हातारे नर तेवढे पंख पसरून मजेत होते.

"शेवाळ काढ," कुयिली ओरडली. "सगळं काढ, पाणी बदल!"

"सकाळपासून दोनदा बदललं."

दोघींनी मिळून तिसऱ्यांदा बदललं. उन्हं उतरेपर्यंत बादल्या वाहिल्या. पाचच्या सुमाराला शेवटची निळी मादी तळाला गेली.

तेव्हा कुयिली जे बोलली ते तिला नंतर कितीदा तरी आठवलं. ती म्हणाली, "घरात डासांचं औषध मारलं होतंस का?"

अमुदानं मान वर केली. "काय?"

"नाही, खालच्या मजल्यावर कुणी मारलं असेल. किंवा लॉरीच्या पाण्यात क्लोरीन जास्त पडलं असेल. या दिवसांत होतं तसं."

"आठव्या टाकीत तेच पाणी आहे अक्का. तीच हवा आहे. शेवाळ तेवढं नाही."

"अण्णांच्या शेवाळात काही असणं शक्यच नाही."

"बरं," अमुदा म्हणाली. "मग माझीच चूक म्हणा." आणि ती जिना उतरून खाली गेली. कुयिली रिकाम्या बादल्यांमधे एकटीच उभी राहिली.

दुकानात येऊन तिनं कुणाशी काही न बोलता परातीतलं उरलेलं शेवाळ एका टोपात टाकलं, वर स्वच्छ पाणी घातलं आणि आपल्या टाकीतल्या पाच कोळंब्या त्यात सोडल्या. अमुदाचंच कुठंतरी चुकलंय, हे तिला सिद्ध करायचं होतं. मग मंगळवारच्या मालातलं एक मुळांचं रोप घेऊन ती नळाखाली धुवायला बसली. वरचा गाळ लगेच निघाला. इतका लगेच, की तिचा हात थांबला. हौदात वाढलेल्या रोपाच्या मुळांत गाळ गुंतलेला असतो, चोळून चोळून काढावा लागतो. हा नुसता वरून माखल्यासारखा होता. तिनं नखानं मुळं विंचरली. आतून पांढऱ्या लोकरीसारख्या धाग्यांचा पुंजका निघाला. खोक्यातली रोपं ज्यात रोवून येतात तोच.

दुसरं रोप धुतलं. तिसरं धुतलं. सगळ्यांत लोकर.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा टोपातल्या पाचही कोळंब्या मेल्या होत्या.

"मी पुळलला जाऊन येते," ती वेलायुधमला म्हणाली.

तो पेपर वाचत होता. पेपर खाली आला. "कशाला? मंगळवारी मी जाणारच आहे की."

"अण्णांना कुणीतरी फसवतंय. त्यांच्या मालात कुणीतरी खोक्यातली रोपं मिसळतंय. त्यांना सांगायला हवं."

"फोन कर ना."

"असलं फोनवर सांगतात?"

त्यानं पेपरची घडी घातली. "ऊन फार आहे," एवढं म्हणाला.

बसमधे बसून तिनं मनाशी सगळी जुळणी केली. अण्णांना आता दिसत कमी असेल. हाताखाली कुणी ठेवला असेल, तो लबाडी करत असेल. आपण जाऊन हळूच सांगायचं, म्हणजे त्यांना लागणार नाही. निघताना अण्णीसाठी तिनं मोगऱ्याचे हातभर लांबीचे दोन गजरे घेतले होते.

वाडीचं फाटक उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि आपण चुकून दुसरीकडे आलो असं तिला क्षणभर वाटलं. बारा हौदांपैकी दहा कोरडे ठणठणीत होते. तळाला चिरा गेल्या होत्या. एकात अण्णीनं तांदळाच्या सांडग्यांचं कापड वाळत घातलं होतं, एकात वाळलेल्या झावळ्यांचा ढीग. कडेच्या दोन हौदांत बोटभर काळं पाणी होतं, त्यात झाड एकही नव्हतं.

पत्र्याच्या शेडमधे अण्णा पाटावर बसले होते. एका हाताला थर्मोकोलची खोकी, त्यांवर परदेशी अक्षरांची चिकटपट्टी. दुसऱ्या हाताला काळ्या गाळानं भरलेलं घमेलं. खोक्यातून रोप काढायचं, मुळांची लोकर ओढून टाकायची, मुळं गाळात बुडवायची आणि गोणपाटावर मांडायची. हात सरावानं चालले होते. लोकर काढताना सगळी निघतेय की नाही इकडे त्यांचं आता फारसं लक्षही नव्हतं.

"अण्णा."

ते दचकले नाहीत. हातातलं रोप गाळात बुडवून गोणपाटावर ठेवलं, मग वर पाहिलं. "कुयिली. एकटीच आलीस?"

"हे काय आहे?"

"बस. ताक घे आधी. सरसू, कुयिली आलीय गं..."

"हे काय आहे, अण्णा?"

त्यांनी हात धोतराला पुसले. "बोअर खारं झालं. पहिल्यांदा पानं जळाली, मग मुळं गेली. लॉरीनं पाणी आणून बारा हौद भरतात का कुणी? सहा महिन्यांत सगळं गेलं. माणसानं काय करायचं मग? या वयात पहारेकऱ्याची नोकरी करायची?"

"मला सांगायचं."

"काय सांगू? एळुमलैचे हौद आटले? गल्लीत नाव आहे ते त्या हौदांचंच."

"खोक्यातली म्हणून विकायची होतीत. मुळांना चिखल कशाला फासायचा?"

त्यांनी घमेलं मागं सारलं. कुयिलीची नजर शेडच्या पलीकडे, ओसरीवर गेली. ओसरीवर त्यांची ती जुनी चार फुटी टाकी होती. आतले एंजल ताटाएवढे झाले होते आणि लांब पानांच्या पडद्यांतून सावकाश फिरत होते. टाकीशेजारी चार बादल्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येकीत रोपं भिजत घातलेली आणि काठाला दोऱ्यानं बांधलेला पुठ्ठा. त्यावर तारीख. ती जवळ गेली. पहिल्या बादलीवरची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती. रोज पाणी बदलल्याच्या खुणा पुठ्ठ्यावर केलेल्या होत्या, एका दिवसाला एक रेघ. बादलीच्या तळाशी दोन कोळंब्या पानं टिपत हिंडत होत्या. जिवंत.

तिला आधी कळलंच नाही. मग तिनं रेघा मोजल्या.

"तुमच्या टाकीत घालायची म्हणून एकवीस दिवस भिजवता," ती म्हणाली. "औषध उतरेपर्यंत. कोळंबी सोडून बघता. आणि मला न भिजवताच देता."

"एकवीस दिवस माल अडकवून धंदा होतो का पोरी?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"मोठ्या माशाला काही होत नाही त्यानं. अगदी बारक्या जिवालाच..."

"अमुदाच्या सात टाक्या गेल्या. शेवाळात पिल्लं लपली होती. शेवाळ पिल्लांसाठी असतं हे मला कुणी शिकवलं?"

अण्णांनी मान खाली घातली. पण पुढच्याच क्षणी ती वर आली आणि आवाज चढला. "शिकवलं ना? फुकट शिकवलं ना? त्याचं काय? सबंध गल्ली खोक्यातला माल विकते, त्यांना कुणी विचारत नाही. सव्वादोन वर्षं तुझं दुकान याच मालावर चाललंय. तुला ठाऊक नव्हतं म्हणतेस, पण वेलायुधम दर मंगळवारी इथं येऊन बसतो, सरसूच्या हातची कॉफी पितो, तो काय डोळे मिटून येतो?"

अण्णी ताकाचा पेला घेऊन दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं, की ते वाक्य परत घेता आलं तर बरं, असं त्यांनाही वाटलं असावं.

कुयिलीनं ताक घेतलं नाही. गजरे हातातच राहिले होते, ते तिनं ओसरीच्या कठड्यावर ठेवले आणि ती निघाली. फाटकाशी अण्णी धावत आली. "कुयिली, गल्लीत बोलू नकोस गं. त्यांना सहन नाही व्हायचं."

"मला झालं का सहन, हे कुणी विचारलं नाही, अण्णी."

परतीच्या बसमधे तिला एकेक माणूस आठवू लागला. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तो निवृत्त ड्रॉइंग मास्तर आला होता, "नवी झाडं लावली आणि लोच मासे गेले" म्हणत. त्याला तिनं खडसावलं होतं, "जास्त खायला घालता तुम्ही, पाणी नासतं." तो बिचारा ओशाळून गेला होता. बँकेतली ती बाई, कोळंबी टिकत नाही म्हणायची. तिला सांगितलं होतं, तुमचा हात जड आहे. एका मुलीनं तर मासे पाळणंच सोडलं. सगळ्यांना तिनं त्यांचीच चूक दाखवून दिली होती आणि त्यांनी ती मानली होती, कारण सांगणारी कुयिली होती.

दुकानात वेलायुधम तसाच बसला होता. तिच्या चेहऱ्याकडे पाहूनच तो उठला आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"पहिल्यांदा कधी पाहिलंत?" तिनं विचारलं.

"काय?"

"अहो, आता तरी नका. हौद कोरडे कधी पाहिलेत?"

तो स्टुलावर बसला. "दोन वर्षं होऊन गेली."

"आणि बोलला नाहीत."

"काय बोलायचं? तुझा देव होता तो. मी म्हटलं असतं अण्णा लबाडी करतात, तर तू मलाच लबाड ठरवलं असतंस. ठरवलं नसतंस?"

"कदाचित."

"मग? अण्णांनी हात धरला माझा. म्हणाले, तिला कळलं तर माझ्या तोंडाकडे बघणार नाही. म्हातारा माणूस रडायला लागला. मी काय करू? आणि गिऱ्हाइकं येत होती. तू खूश होतीस."

"मी तोंडानं सांगत होते लोकांना. अण्णांच्या हौदातलं, अण्णांच्या हौदातलं. तुम्ही इथं, या गल्ल्यावर बसून ऐकत होतात."

"त्यात एवढं काय..."

"बुधवारी अमुदानं विचारलं, तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

तो गल्ल्याचा खण उघडून मिटू लागला.

"अहो, कुठं होतात?"

"इथंच," तो म्हणाला. "मला वाटलं, काही होणार नाही."

ती रडली नाही. तिला वाटलं होतं, रडू येईल. अण्णांचं खोटं तिला कापत गेलं होतं, पण ते पुळलला होतं, बसच्या अंतरावर. हा माणूस तिच्या शेजारी बसून रोज तिचं बोलणं ऐकत होता. सव्वादोन वर्षं ती भर गल्लीत खोटं बोलत होती, आणि ती खोटं बोलतेय हे तिला सोडून दोघांना ठाऊक होतं. तीनजणांना. अण्णीला धरून.

"शटर वर करा," ती म्हणाली. "गिऱ्हाइकांची वेळ झालीय."

मग तिनं एक पुठ्ठा घेतला आणि जाड पेननं लिहिलं. गेल्या दोन वर्षांत या दुकानातून नेलेली झाडं आमच्या सांगण्याप्रमाणे अण्णांच्या हौदातली नव्हती. ती औषध मारलेली होती. ज्यांची कोळंबी, पिल्लं, मासे मेले, त्यांची चूक नव्हती. खाली आपलं नाव घातलं आणि पुठ्ठा दारात टांगला.

गल्लीत अर्ध्या तासात बोंब झाली. समोरचा दुकानदार धावत आला. "कुयिलीम्मा, वेड लागलं का? तुझ्यापायी आम्हाला सगळे विचारायला लागतील."

"विचारू देत की. तुम्ही खोक्यातली रोपं खोक्यातली म्हणूनच विकता ना?"

तो घुटमळला. मग म्हणाला, "आम्हाला वाटायचं, तुला ठाऊक असेल. एळुमलै खोकी आमच्याच दलालाकडून उचलतो. दोन वर्षं झाली. आम्ही म्हणायचो, बाई हुशार आहे, चिखल लावून दुप्पट भावात खपवते."

कुयिलीनं दारातला पुठ्ठा सरळ केला आणि ती आत गेली.

शनिवारी ती अमुदाकडे गेली. अमुदा मशीनवर बसून कुणाच्या तरी लग्नाचे ब्लाउज शिवत होती. कुयिलीनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं. लोकर, चिखलाचं घमेलं, तारखांच्या बादल्या. वेलायुधमचंही सांगितलं. ते सांगताना शब्द अडकले, पण सांगितलं.

अमुदानं शिलाई संपेपर्यंत मशीन थांबवलं नाही. धागा तोडून मग म्हणाली, "म्हणजे आता मी ओरडू तरी कुणावर? तुमच्यावर ओरडायचं ठरवून बसले होते. दोन दिवस काय काय बोलायचं ते ठरवलं होतं."

"बोल ना."

"तुम्हीही फसलात म्हटल्यावर कशी बोलू?"

"मी फसले ते वेगळं. तुझ्या गच्चीत उभी राहून तुलाच डासांच्या औषधाचं विचारलं, ते माझं मी केलं. त्यात मला कुणी फसवलं नव्हतं."

अमुदाचे डोळे भरून आले. "तेच लागलं मला," ती म्हणाली. "मासे मेले ते मेले. पण तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी कालची शिकाऊ आहे."

मग ती बोलली, भरपूर बोलली. कुयिली उंबऱ्यात बसून ऐकत राहिली. आतून अमुदाच्या आईनं कॉफी आणली आणि ती निवून गेली.

नंतर दोघी गच्चीत गेल्या. सातही टाक्या रिकाम्या करून उन्हात उपड्या घातल्या, वाळू धुतली, नळ्या उकळत्या पाण्यातून काढल्या. आठव्या टाकीत तीन म्हातारे निळे नर फिरत होते. जात पुढं न्यायला मादी एकही उरली नव्हती. "साध्या माद्या देऊन पाहते," अमुदा म्हणाली. "पुन्हा चार वर्षं लागतील. कदाचित नाहीच उतरायचा तो रंग." कुयिलीनं नेहमीसारखं "उतरेल गं" म्हटलं नाही. तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेलं आता तिच्या तोंडून निघत नव्हतं.

महिना गेला. निम्मी गिऱ्हाइकं तुटली. ड्रॉइंग मास्तर मात्र पुठ्ठा वाचून आत आले. "म्हणजे मी जास्त खायला घालत नव्हतो तर," असं म्हणाले, आणि जाताना चार लोच घेऊन गेले. अण्णांचे फोन येत. पहिल्यांदा रागाचे, मग विनवणीचे, मग एकदा नुसताच श्वास. कुयिली फोन कानाला लावायची, ऐकायची आणि ठेवून द्यायची. पोंगलला धोतर कुणाला द्यायचं हा प्रश्न अजून लांब होता. त्याचं उत्तर तिनं शोधलं नाही.

वेलायुधमशी ती बोलायची. दुकानाचं बोलायची, भाजीचं बोलायची. सोयरीक शब्द तो पुन्हा कधी चेष्टेनं बोलला नाही. ती गिऱ्हाइकाला काही सांगू लागली की तो हातातलं काम थांबवून ऐकत राही. आणि तो ऐकतोय हे जाणवलं की तिचं वाक्य मधेच अडखळे. हे त्यालाही कळत होतं.

तिरुवळ्ळूरकडे एका नवराबायकोची रोपवाटिका असल्याचं कुणीतरी सांगितलं. रोपं त्यांच्याच हौदांतली आहेत म्हणे. मंगळवारी सकाळी वेलायुधमनं मोपेडची किल्ली घेतली, पायात चपला घातल्या आणि दारात थांबून विचारलं, "मी घेऊन येऊ का रोपं? पत्ता दे."

"नको," कुयिली म्हणाली. "मी जाते."

"तीन बस बदलाव्या लागतील."

"बदलीन."

तिनं गोणपाट भिजवून घडी केलं, पिशवीत घातलं आणि एका बरणीत पाणी घेऊन त्यात सहा कोळंब्या सोडल्या, झाकणाला भोकं पाडून. वेलायुधम किल्ली हातात धरून पाहत राहिला. ती रस्ता ओलांडून गेली. बसला गर्दी होती. खिडकीशी जागा मिळाल्यावर तिनं बरणी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली आणि प्रत्येक थांब्यावर वाकून पाहत राहिली, आतल्या सगळ्या हलतायत ना.